कोरेगावचा आकडा आणि कोरेगावची नावे

१

दलित समाजाला इतिहासच नाही, असे म्हणणारा वर्ग आता उघडपणे तसे म्हणत नाही. तुमचा इतिहास पुराव्याला उतरत नाही, असे तो म्हणू लागला आहे. पहिल्या विधानाला संतापाने उत्तर देता येत होते. दुसऱ्याला संताप पुरा पडत नाही. तेथे कागद लागतो, शिलालेख लागतो, साक्ष लागते. आणि यांपैकी कशाने काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, याची पक्की जाण लागते. ही जाण आपल्या चळवळीच्या लिखाणात किती आहे, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

त्यासाठी भीमा कोरेगावच्या लढाईविषयीचे लिखाण मी येथे तपासायला घेतो आहे. युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले गाव. भीमेचा तो काठ येथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरी मराठवाड्यातल्या अशा गावांतल्या शाळकरी मुलालाही कोरेगावविषयी एक वाक्य पाठ असते : पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले आणि पेशवाई संपवली. हे वाक्य फलकांवर असते, पुस्तिकांत असते, भाषणांत असते. त्याच्यासमोर दुसरे वाक्य उभे केले जाते : कोरेगावला इंग्रजांचा विजय झालाच नव्हता, महार शिपाई हे पोटासाठी लढणारे भाडोत्री होते, आणि पेशवाईत अस्पृश्यांचा छळ झाल्याला कागदोपत्री पुरावा नाही. एक वाक्य आपले, एक त्यांचे. दोन्ही एकाच कसोटीवर घासली पाहिजेत. आपल्याला एक माप आणि त्यांना दुसरे माप, हे मनूचे शास्त्र झाले; ते आपण कशाला चालवायचे?

ही गोष्ट केवळ विद्वत्तेची नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावला अभिवादनासाठी जाणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्या हिंसाचाराला वढू बुद्रुक येथील गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीजवळच्या फलकाच्या वादाची पार्श्वभूमी होती. म्हणजे तो वादही इतिहासात कोणी काय केले, याचाच होता. पुढे चौकशी आयोग बसला, साक्षी नोंदल्या गेल्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तोंडी एक फुगवलेला आकडा असला, तर समोरचा वकील तो आकडा फोडतो आणि त्याबरोबर त्या माणसाची सगळी साक्षच फुटली असे दाखवतो. आपल्या आकड्याची किंमत आपण अशी मोजतो.

२

तपासणी कशी करायची याचा एक स्वच्छ नमुना फार दूरच्या देशात सापडतो. तो आधी पाहू. तेथे आपले कोणाचे रक्त तापत नाही, म्हणून रीत नीट दिसते.

मेक्सिकोच्या आजच्या राजधानीखाली टेनोच्टिटलान नावाचे जुने शहर गाडलेले आहे. ज्यांना जग अॅझ्टेक म्हणते आणि जे स्वतःला मेशिका म्हणवीत, त्या लोकांची ती राजधानी. १३ ऑगस्ट १५२१ रोजी एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीपुढे ती पडली. या लोकांविषयी एक गोष्ट जगभर सांगितली जाते : १४८७ साली आपल्या मुख्य देवळाचे वाढीव बांधकाम पुरे झाले तेव्हा त्यांनी चार दिवसांत ८०,४०० माणसांचा बळी दिला.

पहिला प्रश्न : हे कोणी लिहिले? दिएगो दुरान या स्पॅनिश धर्मोपदेशकाने. दुसरा प्रश्न : केव्हा? घटनेनंतर नव्वदएक वर्षांनी. तिसरा : याच घटनेची दुसरी नोंद आहे काय? आहे, आणि एका चित्रपोथीत हाच आकडा वीस हजारांवर येतो. चौथा प्रश्न साध्या हिशेबाचा. ८०,४०० भागिले चार दिवस, म्हणजे दिवसाला वीस हजार शंभर. रात्रंदिवस क्षणभर न थांबता मिनिटाला चौदा माणसे. दगडी पायऱ्यांच्या उंच देवळावर, दगडी सुरीने. हे होणे नाही. पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हा आकडा मोठा असण्यात कोणाचे हित होते? जिंकणाऱ्या स्पॅनिशांचे होते. जिंकलेले लोक जितके रानटी ठरतील तितके त्यांना जिंकणे पुण्याचे ठरत होते. पण मेशिका राजांचेही होते. शेजारच्या राज्यांना धाक बसावा म्हणून त्यांनाही मोठाच आकडा हवा होता. शत्रू आणि स्वकीय या दोघांनाही एकच अतिशयोक्ती सोयीची असू शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग नरबळीची गोष्ट खोटी ठरली काय? मुळीच नाही. १९७८ साली वीज खात्याच्या कामगारांना खोदताना एक प्रचंड कोरीव शिळा लागली आणि त्या मुख्य देवळाचे पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. २०१५ साली जवळच कवट्यांची रचून बांधलेली वास्तू सापडली. २०२० पर्यंत तेथे सहाशेहून अधिक कवट्या मोजल्या गेल्या. त्यांत स्त्रियांच्या आणि मुलांच्याही होत्या. बळी दिले जात होते, हे जमिनीने सांगितले. आकडा पडला, घटना उभी राहिली. जो मनुष्य आकडा पडला म्हणून घटनाही पडली असे म्हणतो तो लबाड असतो. जो घटना खरी आहे म्हणून आकडाही खरा मानतो, तो त्या लबाडाला शस्त्र पुरवतो.

३

आता हेच प्रश्न आपल्या वाक्याला विचारू.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन शिरूरहून पुण्याच्या इंग्रज फौजेला कुमक घेऊन निघाला. त्याच्याबरोबर मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती. तिचे सुमारे पाचशे शिपाई, सुमारे तीनशे घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यांच्यावरचे मद्रासचे गोलंदाज. सगळे मिळून ८३४ माणसे. रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी ही तुकडी कोरेगावला आली, तेव्हा भीमेच्या पलीकडे पेशव्याची फौज तिला दिसली.

ती फौज किती होती? त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतांत घोडदळाचा अंदाज वीस हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत आणि पायदळाचा पाच हजारांपासून आठ हजारांपर्यंत दिलेला आढळतो. वीस आणि आठ मिळून अठ्ठावीस हजार. आपला आकडा येथून आला. हा दुरून पाहणाऱ्या शत्रूने बांधलेला अंदाज आहे, आणि तो समोर जमलेल्या फौजेचा आहे. त्यांतून नदी उतरून गावावर प्रत्यक्ष चालून आल्या त्या सुमारे सहाशे सहाशेच्या तीन तुकड्या, अरब, गोसावी आणि कवायती पायदळ यांच्या. म्हणजे दोन हजारांच्या आतबाहेर. पेशव्याच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून पाचशे ते सहाशे, असा अंदाज दिला जातो. इंग्रजांच्या बाजूने मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५.

आता आपले वाक्य पुन्हा वाचा. 'पाचशे' ही पलटणीच्या एकूण शिपायांची संख्या. ती महारांची संख्या नव्हे. 'अठ्ठावीस हजार' ही समोर जमलेल्या फौजेची अंदाजी संख्या. ती मेलेल्यांची संख्या नव्हे. दोन खरे वाटणारे आकडे, पण प्रत्येक दुसऱ्याच गोष्टीचा. असे आकडे एका क्रियापदाने जोडले की खोटे वाक्य तयार होते. 'पेशवाई संपवली' हेही एका दिवसाच्या हिशेबात बसत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले, कोरेगावनंतर २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडला, आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. कोरेगाव ही या मालिकेतली एक कडी आहे. महत्त्वाची आहे, पण एक आहे.

मग हातात काय उरले? येथे कोरेगावचा स्तंभ वाचला पाहिजे. त्याची उभारणी १८२१ साली सुरू झाली. त्याच्यावर लढाईत पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, आणि तो प्रत्यय त्या काळी महारांच्या नावाला लागत असे. बाकीच्या नावांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यूही आहेत. म्हणजे त्या दिवशी पलटणीच्या मेलेल्यांत दर शंभरी पंचेचाळीस महार होते, आणि एका जातीचा एवढा मोठा वाटा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

ही २२ नावे अठ्ठावीस हजारांपेक्षा मोठी आहेत, असे मी म्हणतो. अठ्ठावीस हजार हा बिनचेहऱ्याचा आकडा आहे. ही नावे दगडात कोरलेली आहेत. ज्यांचे नाव गावाच्या कोणत्याही मानाच्या नोंदीत येत नव्हते, ज्यांना हाक मारताना अर्धे नाव पुरत होते, त्यांचे पूर्ण नाव शत्रुमित्र दोघांनी वाचावे अशा ठिकाणी उभे आहे. रात्रभराची चाल, मग दिवसभर लढाई, पोटात अन्न नाही, अंधार पडेपर्यंत पाणी नाही; एक तोफ हातची जाते, तिच्यावरचा अधिकारी मारला जातो, ती तोफ परत मिळवली जाते; शरण जावे असे काहींना वाटू लागते आणि तरी गाव सोडले जात नाही. हे सगळे इंग्रज अधिकाऱ्यांच्याच वृत्तांतांत आहे. एवढे ज्याच्या पदरी आहे त्याने शून्ये कशाला उसनी घ्यावीत?

४

आता त्यांच्या वाक्याकडे वळू. त्याचे तीन तुकडे आहेत.

पहिला, तो विजय नव्हताच. याला आधार आहे. स्टॉन्टन पुण्याला पोहोचला नाही. २ जानेवारीच्या रात्री तो शिरूरकडे परत फिरला. बाजीरावाने मोर्चा उठवला त्याला जनरल स्मिथची फौज जवळ येत होती, हेही एक कारण होते. स्तंभावर इंग्रजांनी या लढाईला आपल्या पूर्वेकडच्या सैन्याचा अभिमानाचा विजय म्हटले आहे. पण स्मारक बांधणाऱ्याचा अभिमान हा विजयाचा पुरावा होत नाही. हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. मात्र ज्याची फौज वीसेक पटींहून अधिक होती त्याला संध्याकाळपर्यंत एक खेडे घेता आले नाही, हेही त्याच वृत्तांतांत आहे, आणि ते त्यांनी मान्य करावे. स्तंभ विजय सिद्ध करीत नसेल; कोण मेले ते तो सिद्ध करतो.

दुसरा तुकडा, ते भाडोत्री होते. होय, ते पगारी शिपाई होते. पेशव्याचे अरबही पगारी होते. सरदार सरंजामासाठी लढत होते आणि इंग्रज अधिकारी बढतीसाठी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या फौजा अशाच होत्या. तरी हेतूचा दाखला फक्त महार शिपायाकडेच का मागितला जातो? त्या शिपायांनी आपल्या मनातले लिहून ठेवलेले नाही. म्हणून ते जातीच्या अपमानाचा सूड घेण्यासाठीच लढले, असे आपण छातीठोकपणे लिहू नये. आणि त्यांच्या मनात त्या अपमानाचा लवलेश नव्हता, असे त्यांनीही लिहू नये. मौन हे दोन्ही पक्षांना सारखेच मौन असते.

तिसरा तुकडा सर्वांत विषारी : पेशवाईतल्या छळाला पुरावा नाही. येथे मात्र पुरावा आहे, आणि तो आपणच नीट मांडत नाही. आपण ताबडतोब गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू यांच्याकडे धावतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्याचा उल्लेख केला आहे. ती समाजाने पिढ्यान् पिढ्या जपलेली आठवण आहे. विरोधकाला ठाऊक असते की या आठवणीमागे पेशवे दप्तरातला हुकूम दाखवता येत नाही, म्हणून त्याला वाद तेथेच हवा असतो. आपण वाद दुसऱ्या जागी न्यावा.

१८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे हिचा निबंध छापला गेला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजाची मुलगी, वय चौदाच्या आसपास. पेशवाई जाऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. ज्यांनी ती भोगली ती माणसे अजून जिवंत होती. तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराचे डोके उडवले जाई आणि इमारतींच्या पायात मांग-महारांना गाडले जाई, असे ती लिहिते. ही ऐकीव साक्ष आहे, हे खरे. पण ती ज्यांच्यावर गुदरले त्यांच्या घरातली साक्ष आहे, छापील आहे, सही असलेली आहे आणि तिची तारीख सांगता येते. दुरानने मेशिकांविषयी लिहिले त्याच्या निम्म्याहून कमी अंतर येथे आहे.

आणि दप्तरच हवे असेल तर दप्तरही आहे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९६०च्या दशकात पेशवे दप्तरातल्या छापील कागदांवरून अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातली राज्यसंस्था आणि जातिव्यवस्था यांचा संबंध मांडला. त्यातून दिसते ते असे की जातीची उतरंड राखणे हे सरकारचे काम मानले जात होते. पंढरपूरला चोखामेळ्याच्या जागी अस्पृश्यांनी देवळाच्या जवळ येऊ नये, म्हणून सरकारने हुकूम दिल्याची नोंद त्यांत आहे. ज्या संताचे अभंग सगळा महाराष्ट्र गातो, त्याच्याच लोकांना त्याच्या जागेपासून दूर सारणारा सरकारी कागद! यापुढे आणखी कोणता पुरावा हवा?

दप्तराविषयी एक गोष्ट विसरू नये. दप्तर ज्याचे असते त्याला जे खटकते त्याचीच नोंद त्यात होते. महाराने रस्त्याच्या कडेने जावे, सावली सांभाळावी, यात राज्यकर्त्याला खटकण्यासारखे काही नव्हतेच. मग कारकून त्याची नोंद कशाला करील? तक्रार आली, तंटा झाला, तरच कागद झाला. म्हणून दप्तरात नाही ते घडलेच नाही, असे म्हणणारा इतिहासकार दप्तर वाचायला शिकलेला नसतो.

५

आता प्रश्न उरतो, कोरेगावची गोष्ट फुगली का. त्याचे उत्तर आपल्या भोळेपणात शोधणे चूक आहे. ते त्या गोष्टीच्या प्रवासात आहे.

१८१८ नंतर पाऊणशे वर्षे महार इंग्रजी फौजेत होते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला लढाऊ आणि बिनलढाऊ जातींच्या नव्या धोरणाखाली त्यांची भरती बंद करण्यात आली. तेव्हापासून महार पुढाऱ्यांना आपली लढाऊ वृत्ती अर्जांतून सिद्ध करावी लागली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० साली भारतमंत्र्याकडे अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभारली आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला भेट देण्यासाठी गेले ते या पार्श्वभूमीवर. अस्पृश्यांच्या मदतीने इंग्रजांनी हा देश जिंकला आणि त्या मदतीची परतफेड काय केली, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नात कोरेगावचे गौरवगान कमी आणि इंग्रजांवरचे आरोपपत्र अधिक होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या चिन्हात हाच स्तंभ आला.

मेक्सिकोतही हेच घडले होते. कोर्तेस १५१९ साली किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे पाचशे सैनिक होते. पाचशे स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकले, असे युरोप पुढे चारशे वर्षे सांगत राहिला. वस्तुतः टेनोच्टिटलानला वेढा पडला तेव्हा त्याच्या बाजूने त्लाश्काला आणि इतर राज्यांचे हजारो देशी योद्धे लढत होते. मेशिकांची खंडणी आणि स्वाऱ्या त्यांनी सोसल्या होत्या. विजेत्याच्या इतिहासाने त्यांना गाळले. म्हणून त्लाश्कालाच्या लोकांनी १५५२च्या सुमारास मोठ्या कापडावर आपली बाजू चित्रांत रंगवली आणि स्पेनच्या राजाकडे सवलतींची मागणी चालू ठेवली. ते चित्र खोटे नाही. पण त्यात एक गोष्ट नाही. सुरुवातीला त्लाश्कालाचे लोक कोर्तेसशी लढले होते, त्या लढाया चित्रात येत नाहीत. राजाकडे अर्ज करताना त्या कोण रंगवील?

अर्जातला इतिहास असाच असतो. तो खोटा नसतो; तो वाकलेला असतो. ज्याच्या दारी अर्ज जातो त्याला जे आवडेल ते पुढे येते आणि न आवडणारे मागे राहते. आपल्या पूर्वजांना इंग्रजाच्या दारी अर्ज करावे लागले, म्हणून कोरेगावच्या गोष्टीत निष्ठा आणि पराक्रम यांचा भाग वाढत गेला. आज आपण कोणाच्या दारी अर्जदार म्हणून उभे नाही. राज्यघटनेने दिलेल्या हक्काला पराक्रमाची पात्रता लागत नाही. कोरेगावला एकही महार लढला नसता तरी महाडच्या तळ्याचे पाणी पिण्याचा आपला अधिकार तेवढाच राहिला असता. हे एकदा उमगले की आकडा फुगवण्याची गरजच संपते.

६

मराठवाड्यातल्या वाचकासाठी येथे एक वेगळा मुद्दा आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबईच्या फौजेतले महार मोठ्या प्रमाणात कोकणातले. म्हणजे कोरेगावच्या स्तंभावर युसूफ वडगावच्या घराण्यांचे नाव शोधणे बहुधा व्यर्थ आहे. तो स्तंभ आपल्या वंशावळीचा नाही, आपल्या विचाराचा आहे. तेवढे नाते पुरेसे आहे. पण मग आपल्या गावाचा स्वतःचा इतिहास कोठे आहे?

या मुलखाच्या महारांनी पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट सांगितली : बेदरच्या बादशहाने अमृतनाक महाराच्या इमानावर खूष होऊन महारांना बावन्न हक्कांची सनद दिली. अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी १९३८ सालच्या आपल्या पुस्तकात ती नोंदवली आहे. ही कथा बादशहाविषयी पुरावा म्हणून तोकडी आहे. पण महार स्वतःविषयी काय समजत होते याचा ती उत्तम पुरावा आहे. बलुते ही भीक नव्हे, हक्क आहे, असे ते म्हणत होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले ते हाच हक्क बेडी आहे हे दाखवण्यासाठी. कथेला खोटे म्हणून फेकणारा आणि कथेला सनद समजून मिरवणारा, या दोघांच्याही हातून हा सगळा अर्थ निसटतो.

कागदांचे बळ किती असते हे आज मराठवाड्याला नव्याने कळले आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे, खासरा पत्रके, शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे उघडली जात आहेत आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली आहे. त्याच दप्तरांत आपल्या वस्तीचीही माणसे आहेत. कोणाच्या नावावर कोणते वतन होते, गावचा पहिला महार मुलगा कोणत्या साली शाळेत बसला, ही माहिती तेथे असू शकते. ती वाचायला आपले किती विद्यार्थी मोडी शिकले?

आणि जे कागदात नाही ते माणसांत आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे गावे सोडून पळाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. १९७८ साली जे पंधरा वर्षांचे होते ते आता साठीच्या पुढे गेले आहेत. मुक्ता साळवेने पेशवाईनंतर सदतीस वर्षांनी लिहिले. नामांतराच्या दंगलीला त्याहून अधिक वर्षे झाली आहेत. त्या दिवसांत कोणाच्या घराला कोणी आग लावली, कोणी आसरा दिला, पोलीस कधी आले, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. पन्नास वर्षांनी कोणीतरी म्हणेल, मराठवाड्यातल्या छळाला पुरावा नाही. तेव्हा त्याच्यापुढे काय ठेवणार? एखादा गोल आकडा?

काम अवघड नाही. शिक्षकाने वर्गातल्या मुलांना वह्या द्याव्यात. म्हाताऱ्या माणसाजवळ बसून लिहावे : सांगणाऱ्याचे नाव काय, वय काय, आज तारीख काय; जे सांगितले ते स्वतः पाहिले की ऐकले, ऐकले तर कोणाकडून. त्याच गोष्टीविषयी दुसऱ्या माणसाला, जमल्यास दुसऱ्या जातीच्या माणसाला विचारावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर फरक तसाच लिहून ठेवावा, जुळवू नये. आकडा आला तर तो कशाचा आहे ते विचारावे : घरांचा, माणसांचा, जळालेल्यांचा की पळालेल्यांचा. कार्यकर्त्याने १ जानेवारीच्या फलकावर एवढेच लिहावे : कोरेगाव, १८१८, स्तंभावर ४९ नावे, त्यांत २२ महारांची. आणि जागा उरली तर ती बावीस नावे लिहावीत. त्यांना उत्तर द्यायला कोणताही वकील पुढे येणार नाही.